लोकलने जावे की नाही : नवरा-बायकोचे एकमत होत नसेल तर?

निळीछत्री | ३० ऑक्टोबर २०२०

नमस्कार. २१ ऑक्टोबरपासून सर्व महिलांना सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर, करोनामुळे सामान्य प्रवाशांसाठी बंद असलेल्या मुंबईच्या लोकलने प्रवास करण्याची मुभा मिळाली, आणि त्याच दिवसापासून आमच्या घरात वाद सुरू झाला. राज्य सरकारने घटस्थापनेच्या मुहूर्तावर ही मुभा जाहीर केली, रेल्वेने दोन-चार दिवस अडवून धरली आणि अखेर मान्य केली. क्यूआर कोड लागत नाही, खिडकीवर तिकीट मिळते. आमच्या इमारतीतल्या बहुतेक बायकांनी हुश्श केले. माझ्या नवऱ्याने मात्र त्या रात्री जेवताना सांगितले की परवानगी मिळाली म्हणून विषाणू कमी झालेला नाही, तू आहे त्या गाडीनेच जा.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते. आम्ही डोंबिवली पश्चिमेला राहतो. मी मस्जिद बंदरला एका क्लिअरिंग एजंटच्या कार्यालयात हिशेब पाहते. जूनमध्ये कार्यालय उघडल्यापासून मी शेजारच्या सोसायटीतील एका गृहस्थांच्या मोटारीने जाते. आम्ही चौघे पेट्रोलचे पैसे वाटून घेतो. कोपर पूल वर्षभर बंद असल्यामुळे ठाकुर्लीवरून पूर्वेला यायचे, तिथून कल्याण-शीळ रस्ता धरायचा, आणि पुढे शीळफाट्यावर नशिबाला जे येईल ते. जाताना अडीच तास सहज जातात. येताना कधी कधी त्याहून अधिक. लोकलने हेच अंतर सव्वा तासाचे आहे. कार्यालयाने मला बारा ते सात अशी वेळ लेखी दिली आहे, म्हणजे तीही अडचण उरलेली नाही.

नवऱ्याचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडते, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. मोटारीतले चौघे ओळखीचे आहेत, त्यांच्यापैकी कोणी आजारी पडले तर त्याच संध्याकाळी आपल्याला कळेल आणि सावध होता येईल. लोकलमध्ये शेजारी बसलेली बाई कोण, ती कुठून आली, चार दिवसांनी तिचे काय झाले, हे कधीच कळणार नाही. घरात एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना मधुमेह आहे. मुलगा नऊ वर्षांचा आहे.

मला वैद्यकीय सल्ला नको आहे. मला हे विचारायचे आहे की ज्या घरांत जोडीदारांचे असे मतभेद झाले, तिथे अखेर निर्णय कोणी घेतला आणि कशाच्या आधारावर? गोडीत झाला की रुसव्यात, हेही सांगितले तर चालेल.

पश्चिमकिनारा

मी विरारला राहतो आणि तुमच्या नवऱ्याच्या बाजूने थोडे बोलतो, कारण त्या बाजूला मी स्वतः उभा आहे. माझी बायको परिचारिका आहे. मार्चअखेर लोकल बंद झाल्यावर ती एसटीने जात असे, आणि १५ जूनला अत्यावश्यक सेवेसाठी गाड्या सुरू झाल्यावर लोकलने जाऊ लागली. रुग्णालयाने राहण्याची सोय केली होती आणि तिने तिथेच राहावे असा माझा आग्रह होता. तिने तो साफ नाकारला. दिवसभर रुग्ण पाहायचे आणि रात्री परक्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायचे, हे तिला मान्य नव्हते. आमचे बोलणे जवळजवळ बंद झाले होते.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. प्रवास करणाऱ्या माणसाला रोजची गाडी दिसत असते. आज डबा रिकामा होता, आज बोरिवलीला गर्दी झाली, समोरच्या बाईने मास्क हनुवटीवर घेतला तेव्हा मी उठून दुसरीकडे बसले, असा त्याचा धोका बारीकसारीक तपशिलांचा असतो आणि त्यावर त्याला थोडाफार ताबा ठेवता येतो. घरी बसलेल्याला फक्त बातम्यांतली गाडी दिसते. एसटी बंद केल्यावर २२ जुलैला नालासोपारा स्थानकात लोक रुळांवर उतरले, ती दृश्ये मी दिवसभर दूरचित्रवाणीवर पाहिली आणि संध्याकाळी बायको नेहमीप्रमाणे घरी आली तेव्हा तिच्यावरच चिडलो. तिने त्या दिवशी ते स्थानक पाहिलेसुद्धा नव्हते, तिची गाडी आधीच पुढे गेली होती.

त्यानंतर ती मला रोज घरी आल्यावर प्रवास सांगू लागली. कोणता डबा मिळाला, किती बायका होत्या, खिडकी मिळाली का. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण माझी निम्मी भीती त्याने गेली. उरलेली निम्मी आहे तशीच आहे आणि ती राहणार, हे दोघांनी मान्य केले आहे. निर्णय तिचाच राहिला, हे तुमच्या प्रश्नाचे उत्तर.

शंकासूर

इतका जीव टांगणीला लागत असेल तर काही महिने नोकरी सोडता येणार नाही का? सासूबाईंचे वय पाहता हा पर्याय कोणीच का मांडत नाही, याचे आश्चर्य वाटते.

निळीछत्री

शंकासूर, हा पर्याय आमच्या घरी पहिल्याच दिवशी मांडला गेला आणि पाचच मिनिटांत बाजूला ठेवला गेला. नवऱ्याच्या कंपनीने एप्रिलपासून पगार निम्मा केला आहे. घराच्या कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची रिझर्व्ह बँकेची सवलत ३१ ऑगस्टला संपली, आणि ढकललेल्या हप्त्यांवरचे व्याज मुद्दलात मिळून बसले. माझा पगार हा सध्या आमच्या घरातला पूर्ण असा एकच पगार आहे. शिवाय नोकरी सोडण्याचा प्रश्न नेहमी बाईच्याच नोकरीबद्दल का विचारला जातो, हेही तुम्ही सवडीने पाहावे.

वारा_मोजणारा

माझा व्यवसाय इमारतींमधील वातानुकूलनाचा आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच बोलतो.

जुलैमध्ये दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला खुले पत्र लिहून सांगितले की हा विषाणू हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांतूनही पसरतो आणि बंद, कोंदट जागांमध्ये त्याकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. हे एकदा मान्य केले की प्रवासाच्या साधनाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. माणसे किती, एवढाच प्रश्न राहत नाही. ती किती वेळ एकत्र बसली आहेत, बोलत आहेत का, आणि आतली हवा बाहेर जाते की तिथल्या तिथे फिरते, हे तिन्ही प्रश्न विचारावे लागतात.

आता तुमची मोटार घ्या. काचा बंद, एसी चालू. शीळफाट्यावर ट्रकचा धूर नको म्हणून चालकाने आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबलेले असणार, ते सगळेच दाबतात. म्हणजे चार माणसे अडीच तास एकमेकांची हवा घेत आहेत. ओळखीची असल्यामुळे गप्पा होतात, आणि गप्पा होतात तिथे मास्क खाली येतो, हे मी माझ्याच मित्रांमध्ये पाहतो. याउलट साध्या लोकलचा डबा म्हणजे दोन्ही बाजूंना उघड्या खिडक्या आणि कधीही बंद न होणारी दारे. गाडी धावत असताना त्यातली हवा ज्या वेगाने बदलते, तो वेग आम्हाला एखाद्या कार्यालयात यंत्रे लावून द्यायचा झाला तर विजेचे बिल पाहून मालक आम्हाला हाकलून देईल. म्हणून निम्म्या रिकाम्या, विनावातानुकूलित लोकलचा सव्वा तास मला बंद मोटारीच्या अडीच तासांपेक्षा बरा वाटतो.

परंतु हे विधान दोन अटींवर उभे आहे. डबा खरोखर निम्मा रिकामा असला पाहिजे. जूनमध्ये गाड्या सुरू झाल्या तेव्हा बाराशे आसनांच्या गाडीत सातशेच प्रवासी घेऊ असे रेल्वेने सांगितले होते, तो नियम आज दादरला किती पाळला जातो ते प्रवास करणाऱ्यांनीच सांगावे. दुसरे असे की मास्कला व्हॉल्व्ह नसावा. व्हॉल्व्ह असलेल्या एन-९५ मधून आपला श्वास न गाळता बाहेर पडतो, आणि त्याबद्दल जुलैतच केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालकांनी राज्यांना सावध केले होते. तरीही तेच मास्क घालून लोक ऐटीत फिरतात.

मोटारीनेच जायचे ठरले तर चारही काचा चार-चार बोटे उघड्या ठेवा, एसी बंद करा आणि गप्पा बंद करा. धूर येईल. तो सोसावा लागेल.

भांडुपकर

वारा_मोजणारा यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे, पण फलाटावर काय होते ते त्यात आलेले नाही. सवलत ११ वाजता सुरू होते म्हणून पावणेअकरापासून बायका स्थानकाबाहेर जमतात आणि ११ वाजता एकदम आत सोडल्या जातात. संध्याकाळी ज्यांची कार्यालये सहाला सुटतात, त्या सात वाजेपर्यंत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर ताटकळतात. गर्दी टाळण्यासाठी ठरवलेली वेळच गर्दी तयार करते. डब्यात शिरल्यावरही सगळ्यांचे पाय सवयीने लेडीज डब्याकडे वळतात, आणि शेजारचे साधे डबे त्याच गाडीत मोकळे धावतात. काल मी स्वतः पाहिले की लेडीज डब्यात अंतर राखण्यासाठी फुली मारलेल्या आसनावर तर बाई बसली होतीच, शिवाय तिघींच्या बाकावर कडेला चौथी सीटही सुरू झाली होती. 'जरा सरका' म्हणणारीने म्हटले आणि तिघी सरकल्या. सात महिन्यांत शहर बदलले, चौथी सीट काही बदलली नाही. निळीछत्री यांनी साध्या डब्यात बसावे आणि ११ ची पहिली गाडी सोडून द्यावी.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कुणीतरी बोलायला हवी. करोनापूर्वी मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून वा अन्य कारणांनी वर्षाला अडीच हजारांहून अधिक माणसे मरत होती. दिवा ते मुंब्रा या टप्प्यात दाराला लटकणारी मुले आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, आपल्यापैकी काही स्वतः लटकलो आहोत. माझी बायको वीस वर्षे माझा डबा भरून देत आली, पण आज लोकलने जाऊ नका असे ती कधी म्हणाली नाही. तो धोका जुना, म्हणून तो घरचा झाला होता. ऑगस्टमध्ये मात्र तिने मला लोकल नको म्हणून जुनी दुचाकी घ्यायला लावली. पूर्व द्रुतगती मार्गावर पावसात अवजड वाहनांच्या मधून ती दुचाकी चालवताना मला जितकी भीती वाटली, तितकी कुठल्याही डब्यात वाटलेली नाही. मी तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, अपघात झाला तर तुम्हाला होईल, आजार आणलात तर सगळ्यांना होईल. यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, अजूनही नाही.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहिते आहे. आमच्याकडे हाच वाद वेगळ्या वळणाने झाला. न्यू यॉर्कची सबवे ६ मेपासून रोज मध्यरात्री १ ते ५ या वेळेत प्रवाशांसाठी बंद ठेवून आतून धुऊन, पुसून काढतात. ही सेवा अहोरात्र चालण्याबद्दल प्रसिद्ध होती, त्यामुळे या निर्णयाचा फार गाजावाजा झाला. माझा नवरा या सफाईमुळे निर्धास्त झाला आणि जुलैपासून मॅनहॅटनला जाऊ लागला. मी प्रयोगशाळेत काम करते आणि माझे म्हणणे असे की चकचकीत दांड्यांनी मला काय मिळणार, मला डब्यातल्या हवेची चिंता आहे. आम्ही दोघे एकाच गाडीबद्दल बोलत होतो आणि दोघांचा धोका निराळा होता. तुमच्या घरीही नवऱ्याला नेमके कशाचे भय आहे, हे एकदा विचारून पाहा. अनोळखी माणसांचे, गर्दीचे, की आईला काही झाले तर आयुष्यभर मनात राहणाऱ्या अपराधाचे?

आजीबाई_ठाणे

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. निळीछत्री, तुमच्या लेखात सासूबाईंचा उल्लेख आहे, त्यांचे वय आहे, त्यांचा आजार आहे, पण त्यांचे मत नाही. माझे वय त्यांच्या आसपासच आहे. आमच्या घरी मुलगा आणि सून यांच्यात हेच चालले होते आणि प्रत्येक वाक्यात 'आईमुळे' हा शब्द येत होता. आईला मात्र कुणी विचारले नव्हते. मे महिन्यात तुमच्या महापालिकेने, मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी ८ तारखेपासून ये-जा बंद करून मुंबईतच राहावे, असा आदेश काढला होता आणि विरोध झाल्यावर तो थांबवावा लागला होता, हे तुम्हाला आठवत असेल. तोही आमच्यासारख्या घरी बसलेल्यांच्या जिवाच्या काळजीने काढलेला आणि आम्हाला न विचारता काढलेला. रुग्णालयात जाणारी, बँक उघडणारी, औषधे पोहोचवणारी माणसे घरी परतू नयेत, अशी आमची कुणाची इच्छा नव्हती. तुमच्या सासूबाईंना विचारा. त्यांना कशाची भीती वाटते आणि कशाची वाटत नाही, हे त्या तुमच्यापेक्षा आणि तुमच्या नवऱ्यापेक्षा नीट सांगतील.

निळीछत्री | २ नोव्हेंबर २०२०

आजीबाई, काल रविवार होता. दुपारी भाजी निवडताना सासूबाईंना विचारले. नवराही तिथेच वर्तमानपत्र वाचत बसला होता.

त्यांनी पहिली गोष्ट ही सांगितली की त्यांना लोकलची भीती वाटत नाही, शीळफाट्याची वाटते. मोटार कोंडीत अडकते, माझा फोन लागत नाही, रात्रीचे साडेनऊ वाजतात आणि मुलगा सारखा खिडकीशी जाऊन उभा राहतो. त्या वेळी त्यांची साखर वाढत असणार, असे त्या म्हणाल्या, आणि मला ते खरे वाटते.

दुसरी गोष्ट अशी की त्यांनी आपल्या मुलाला विचारले, 'तू महापेला जातोस, तिथे जेवतोस कुठे?' माझा नवरा दुचाकीने एकटा जातो, म्हणून त्याच्या प्रवासाचा प्रश्न आमच्या घरी आजवर निघालाच नव्हता. तो कंपनीच्या उपाहारगृहात जेवतो. एका टेबलाशी सहा जण, समोरासमोर, मास्क काढून, एसी चालू. चार महिने हे चालले आहे आणि मलाही ते माहीत होते, तरी मी कधी एका वाक्याने बोलले नाही. वाद फक्त माझ्या गाडीवर चालला होता. हडसनकाठ यांनी विचारलेला प्रश्न मी त्याला रात्री विचारला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की तो दुचाकीवरून निघतो तेव्हा निदान स्वतःचा वेग स्वतःच्या हातात असतो, मी गाडीत बसले की त्याच्या हातात काहीच राहत नाही. हे त्याने आधी सांगितले असते तर आठवडाभराची भांडी आदळणे वाचले असते. असो.

सध्या ठरले आहे ते असे. मी उद्यापासून लोकलने जाईन, ११ ची पहिली गाडी सोडून नंतरची धरेन, साध्या डब्यात खिडकीजवळ बसेन आणि गाडी भरलेली दिसली तर जाऊ देईन. तो घरून डबा नेईल आणि आपल्या जागेवर एकटा जेवेल. परत येताना मात्र आमचे अजून जमलेले नाही. सात नंतरच्या गाड्यांना गर्दी असते, म्हणून मी आठपर्यंत थांबावे असे त्याचे म्हणणे आहे, आणि त्या तासाभरात मी बंद कार्यालयात एकटी बसू की फलाटावर, हे त्याला सांगता येत नाही. मी साडेसातची मर्यादा सांगितली आहे. तो विचार करतो म्हणाला आहे.

पश्चिमकिनारा

पहिल्या दिवशी ठाणे गेल्यावर एक फोन करा. रोज नाही, पहिल्याच दिवशी. आमच्याकडे पश्चिम रेल्वेने १५ ऑक्टोबरपासून फेऱ्या ५०६ वरून ७०० केल्या, तेव्हापासून बायकोला बसायला बहुधा जागा मिळते. मध्य रेल्वेवरही फेऱ्या वाढतील तसा तुमचा परतीचा प्रश्न थोडा सैल होईल.

वारा_मोजणारा

फेऱ्या वाढण्याआधी प्रवासी वाढतील, हे लक्षात ठेवा. राज्य सरकारने २८ ऑक्टोबरला रेल्वेला पत्र पाठवले आहे. त्यात सकाळी साडेसातपर्यंत, ११ ते साडेचार आणि रात्री आठनंतर सर्वांनाच प्रवास करू द्यावा अशी मागणी आहे, शिवाय दर तासाला एक महिला विशेष गाडी मागितली आहे. रेल्वेने हे मान्य केले तर मी वर जो हिशेब मांडला तो कोलमडतो, कारण त्याचा सगळा भार डबा रिकामा असण्यावर होता. मग निळीछत्री यांच्या नवऱ्याचा आक्षेप पुन्हा जिवंत होईल आणि तो रास्तही असेल. आणखी एक, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सकाळी गार वारा लागतो म्हणून लोक खिडक्या ओढून घेतात. तुमच्यापुढची खिडकी उघडीच ठेवा, शेजारची कुरकुर करील तर करू द्या.

निळीछत्री

पत्राची बातमी आम्ही दोघांनी वाचली आहे. सर्वांना परवानगी मिळाली तर पहिल्या आठवड्यात मी पुन्हा मोटारीने, काचा उघड्या ठेवून जाईन आणि गर्दीचा अंदाज आल्यावर दोघांनी मिळून ठरवायचे, असे कबूल झाले आहे. मोटारवाल्या गृहस्थांना तसे सांगून ठेवले आहे. काचा उघड्या ठेवायला ते तयार आहेत. गप्पा बंद ठेवायला त्यांची तयारी दिसत नाही.